सागरी पवनऊर्जेसाठी समुद्रक्षेत्राचे नियोजन

समुद्रात पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या, त्यांची वीज कोणत्या वाटेने किनाऱ्यावर आणायची आणि त्यासाठी जहाजे, मासेमारी, नौदलाचे सराव, वाळूउपसा व सागरी जीव यांपैकी कोणाला किती सरकावे लागेल, हे ठरवण्याची प्रक्रिया. डेन्मार्कमध्ये व्हिंडबी येथे १९९१ साली जगातला पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. त्यात ११ पवनचक्क्या होत्या आणि सगळ्यांची मिळून क्षमता पाच मेगावॉटही नव्हती. एवढ्याशा प्रकल्पासाठी समुद्राची वाटणी करण्याची कोणाला गरज वाटली नाही. आता एकच पवनचक्की त्या अख्ख्या प्रकल्पाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेची असते. एका चौरस किलोमीटरवर साधारण ५ ते १० मेगावॉट बसतात, म्हणजे एक गिगावॉटसाठी १०० ते २०० चौरस किलोमीटर पाणी लागते. त्यामुळे प्रश्न यंत्राचा कमी आणि जागेचा जास्त झाला. गेल्या पंचवीस वर्षांचा, विशेषतः उत्तर समुद्राचा, अनुभव पाहिला तर या नियोजनात क्रमाला सर्वाधिक महत्त्व असल्याचे दिसते. नकाशा परवान्याच्या आधी तयार झाला की नंतर, यावर पुढचे बरेच काही ठरते.

समुद्र अफाट आहे, मग जागेची टंचाई कसली, हा पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. पण तळात पाया रोवून उभ्या राहणाऱ्या पवनचक्कीला साधारण ६० मीटरपर्यंतचीच खोली परवडते. शिवाय जोरदार व सातत्याचा वारा, खांब ठोकता येईल असा तळ, जवळ मोठे बंदर आणि किनाऱ्यावर वीज घेऊ शकणारे उपकेंद्र हवे. या अटी लावत गेले की अफाट समुद्रातून थोडे उथळ पट्टे हाती लागतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यांवर इतरांचाही डोळा असतो. मासे तिथे अंडी घालतात, मासे खाणारे पक्षी हिवाळ्यात तिथे उतरतात, वाळू काढणारी जहाजे तिथेच येतात. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सागरी कायदा कराराने किनारी देशाला अनन्य आर्थिक क्षेत्रात वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा हक्क दिला आहे. मात्र आंतरराष्ट्रीय नौकानयनासाठी आवश्यक अशा मान्य जहाजमार्गांत अडथळा येईल तिथे बांधकाम करता येत नाही, आणि बांधकामाभोवतीचे सुरक्षाक्षेत्र सामान्यतः ५०० मीटरपलीकडे नेता येत नाही. रिकामी दिसणारी जागा बहुधा कोणाच्या तरी वहिवाटीची असते.

जर्मनीने सुरुवातीला उलटा क्रम धरला. कंपनीने जागा शोधायची, अर्ज करायचा आणि हॅम्बुर्ग येथील संघीय सागरी वाहतूक व जलालेखन संस्थेने तो एकेकटा तपासायचा, अशी पद्धत होती. क्षेत्राचा पहिला आराखडा २००९ मध्ये आला, तोवर अर्जांची रांग लागली होती. वीजवाहिनीची जबाबदारी जाळे चालवणाऱ्या कंपनीवर आणि जागेची निवड मात्र दुसऱ्याच्या हाती, अशी ही विभागणी होती. तिचे फळ बोर्कुम बेटाजवळच्या रिफगाट प्रकल्पाने दाखवले. त्याच्या ३० पवनचक्क्या २०१३ च्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या, पण किनाऱ्याकडे जाणाऱ्या केबलच्या मार्गात दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा सापडला आणि जोडणी २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबली. मधल्या काळात यंत्रे गंजू नयेत म्हणून ती डिझेलवर फिरवावी लागली. समुद्रातल्या वाऱ्याशेजारी डिझेल जाळण्याची ही वेळ कोणा अभियंत्याच्या चुकीने आली नव्हती. पवनचक्कीची जागा आणि केबलची वाट वेगवेगळ्या टेबलांवर ठरत होती, हे त्याचे मूळ होते. २०१७ च्या सुधारित कायद्याने क्रम पालटला. आता क्षेत्र, वर्ष आणि वीजजोडणी शासन आधी ठरवते, लिलाव नंतर होतो.

टेम्सच्या मुखाजवळील लंडन ॲरे प्रकल्पाची गोष्ट याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. त्याला २००६ मध्ये संमती मिळाली, एक गिगावॉटचे स्वप्न होते. त्याच पाण्यात हिवाळा काढणाऱ्या लाल गळ्याच्या डायव्हर पक्ष्यांसाठी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले ते २०१० मध्ये. ६३० मेगावॉटचा पहिला टप्पा २०१३ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण पक्ष्यांवरील परिणामाची माहिती मिळवायलाच आणखी काही वर्षे लागणार होती. हा पक्षी पवनचक्क्यांपासून कित्येक किलोमीटर दूर राहतो, हे पुढे जर्मन समुद्रातल्या निरीक्षणांतूनही दिसले. पक्ष्यांची गणना आधी झाली असती तर गुंतवणूकदारांचा पैसा वाचला असता, पक्ष्यांनाही आपली जागा आधीच मिळाली असती.

नेदरलँड्स व बेल्जियम यांनी क्रम लवकर ओळखला. बेल्जियमकडे समुद्र जेमतेम ३,४५० चौरस किलोमीटर आणि वर जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजवाटांपैकी एक. किनाऱ्याजवळचे सुरुवातीचे प्रस्ताव विरोधात अडकल्यावर २००४ मध्ये डच सीमेलगतचा एक पट्टा पवनऊर्जेसाठी राखून ठेवला गेला. २०२० पर्यंत तिथे ३९९ पवनचक्क्या आणि २,२६२ मेगावॉट क्षमता उभी राहिली. डच शासनाने १ ऑगस्ट २०१३ पासून उत्तर समुद्रातले जहाजमार्गच बदलले, त्यामागचा एक हेतू पवनऊर्जेला सलग जागा मिळावी हा होता. पुढे तळाची, वाऱ्याची आणि पर्यावरणाची पाहणी शासनाने स्वतः करून ती सर्व बोलीदारांना खुली केली आणि वीजजोडणीही स्वतःच्या अंगावर घेतली. २०१६ च्या पहिल्या बोर्सेले लिलावात दर मेगावॉट-तासाला ७२.७ युरोपर्यंत खाली आला. ही घसरण निव्वळ नियोजनामुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मोठी यंत्रे आणि स्वस्त कर्ज यांचाही त्यात वाटा होता. मात्र बोलीदाराला जी जोखीम मोजता येत नाही तिची किंमत तो दरात घालतो, आणि ती जोखीम इथे बरीच कमी झाली होती.

नियोजनाने वेळ जातो, हा उद्योगाचा नेहमीचा आक्षेप. अमेरिकेतल्या दोन शेजारी राज्यांचा अनुभव याला उत्तर देतो. मॅसॅच्युसेट्सजवळ नँटुकेट साउंडमध्ये १३० पवनचक्क्यांचा केप विंड प्रकल्प २००१ मध्ये पुढे आला. तेव्हा कोणताही सागरी आराखडा नव्हता. जागेवरून सोळा वर्षे खटले आणि वाद चालले आणि २०१७ मध्ये एकही खांब न रोवता प्रकल्प गुंडाळला गेला. ऱ्होड आयलंडने मासेमारांना सोबत घेऊन २०१० मध्ये विशेष क्षेत्र आराखडा मंजूर केला आणि २०१६ मध्ये तिथल्या ब्लॉक आयलंड प्रकल्पाची वीज सुरू झाली. तुलना काटेकोर नाही. ब्लॉक आयलंडला पाचच पवनचक्क्या आहेत, आणि केप विंडच्या वाट्याला आलेले धनाढ्य शेजारी त्याला भेटले नाहीत. तरीही आराखड्यावर गेलेली दोन-तीन वर्षे वाया जातात, हा दावा या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शासनाने जागा निवडली म्हणजे ती योग्यच असते का? जर्मनीने २०४५ पर्यंत ७० गिगावॉटचे लक्ष्य ठेवले आणि ते उत्तर व बाल्टिक समुद्रांतल्या मर्यादित क्षेत्रात बसवायला घेतले. पवनचक्कीमागे वाऱ्याचा वेग मंदावतो आणि तो मंदावलेला पट्टा समुद्रावर कित्येक किलोमीटर लांब जाऊ शकतो. दाटीवाटीने प्रकल्प मांडले की मागच्याचा वारा पुढचा खातो. बेल्जियमचा पट्टा आणि सीमेपलीकडचे डच बोर्सेले क्षेत्र यांच्यातही हेच घडते, वाऱ्याला सीमा कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीच्या एका लिलावाला एकही बोली आली नाही. तेव्हा आक्षेप खरा आहे, पण तो नियोजनाऐवजी आधी आकडा ठरवून मग नकाशा भरण्याच्या सवयीवर आहे. क्रम इथेही चुकला: आधी लक्ष्य आणि मग समुद्राची मोजदाद.

मासेमारीच्या बाबतीत मात्र क्रम नीट असूनही अन्याय होऊ शकतो, आणि इथे थोडे थांबायला हवे. नकाशावर तेच उमटते ज्याची नोंद होते. युरोपीय संघात १२ मीटर व त्याहून लांब मासेमारी नौकांवर उपग्रहाने माग ठेवणारे यंत्र सक्तीचे झाले, त्यामुळे मोठ्या नौकांच्या वाटा नकाशावर ठळक दिसल्या आणि लहान होड्यांचे पाणी कोरे राहिले. मासेमार पवनचक्क्यांच्या मधून जाळी टाकू शकतील असे आश्वासन दिले जाते. ब्रिटनमध्ये ते बरेचसे खरे आहे, बेल्जियममध्ये ते क्षेत्र मासेमारीला बंद आहे. ब्रिटनमध्येही तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना गाडलेल्या केबलची भीती असतेच.

भारतात २०१५ च्या धोरणानंतर गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी आठ विभाग हेरले गेले. खंभातच्या आखातात २०१७ मध्ये वारा मोजणारे लायडार यंत्र बसवले गेले, समुद्रतळाच्या भाडेपट्ट्याचे नियम २०२३ मध्ये आले आणि जून २०२४ मध्ये केंद्राने एक गिगावॉट आणि त्यासाठीच्या बंदरसुधारणेसाठी मिळून ७,४५३ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. वारा, खोली आणि तळ यांची माहिती अशी जमत गेली. पण गुजरातमधला जाफराबादजवळचा हाच समुद्र बोंबलाच्या डोल मासेमारीचा आहे. डोलजाळे ओढून न्यायचे नसते. ते समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओढा त्याचे तोंड उघडे ठेवतो. म्हणून प्रत्येक जाळ्याची जागा ठरलेली असते. उत्तर कोकणातले कोळी त्या जागेला कव म्हणतात आणि तिच्यावर वहिवाटीचा हक्क मानतात. वसई-उत्तनकडचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात कवींच्या हद्दीवरून वर्षानुवर्षे वाद आहे, आणि तो मिटवायला हाताशी सर्वमान्य नकाशा नाही. खुंट हा पवनचक्कीच्या खांबासारखाच एका जागी रोवलेला असतो, त्यामुळे दोघांना एकाच जागी नांदता येत नाही. ट्रॉलरला वळसा घालता येतो, कवीला उचलून नेता येत नाही. म्हणून खंभातच्या नियोजनात वाऱ्याच्या नोंदींइतकीच कवींची नोंद लागते. ती नाखव्यांना होडीत सोबत घेऊन, खुंटागणिक करावी लागेल आणि तीही लिलावाची तारीख ठरण्याआधी.