जाहिरातीचा खेळ आणि हरवलेली बांधणी

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती आज अभ्यासकाला कथा-कवितांइतक्याच उपयोगी पडतात. कोणत्या वर्गाला काय हवेसे वाटत होते आणि कशाची काळजी होती, हे त्यांतून कळते. त्या जाहिराती कोणी मुद्दाम जपल्या नव्हत्या. अंक बांधून ग्रंथालयात गेले, त्यांच्यासोबत जाहिरातीही टिकल्या.

या शतकाच्या आरंभी जाहिरातीने असे एक रूप घेतले, ज्याला बांधणीच नव्हती. ते रूप म्हणजे ब्राउझरमध्ये फुकट खेळायचा ब्रँडचा खेळ. टीव्हीवर जाहिरात लागली की माणूस चॅनेल बदलतो. इथे मात्र तोच माणूस जास्त गुण मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा जाहिरातीकडे येत असे. या प्रकाराचा पूर्वज ब्राउझरच्याही आधीचा आहे. 1983 मध्ये कोका-कोलाने अटारीकडून एक खेळ करून घेतला. त्यात अंतराळातल्या शत्रूंच्या जागी ‘पेप्सी’ या नावाची इंग्रजी अक्षरे होती आणि ती गोळ्या घालून उडवायची होती. तो अटलांटातल्या विक्री-संमेलनात फक्त 125 जणांना वाटला गेला. 2004 मध्ये बर्गर किंगने कोंबडीच्या वेशातला माणूस वेबपानावर उभा केला. आपण हुकूम टंकायचा आणि त्याने तो पाळायचा. प्रत्यक्षात हुकमागणिक आधी चित्रित केलेली फीत दाखवली जाई.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. 1998 मध्ये मुंबईत आलोक केजरीवाल यांनी ‘कॉन्टेस्ट्‌स टू विन’ सुरू केले. मोज्यांच्या घरच्या धंद्यातून आलेल्या या उद्योजकाने ब्रँडसाठी ऑनलाइन स्पर्धा आणि खेळ हाच व्यवसाय केला. 2006 मध्ये रिलायन्सच्या अनिल अंबानी गटाने ‘झपाक’ हे खेळांचे संकेतस्थळ आणले. हे सारे शक्य झाले ते फ्लॅशमुळे. फ्लॅशमधली चित्रे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितावर उभी असल्याने फाइल लहान राही आणि डायल-अपवरही खेळ उतरे. संगणकावरचा पहिला खेळ सायबर कॅफेत, ब्राउझरमध्येच खेळलेली एक पिढी महाराष्ट्रात आहे.

हे खेळ दोन टप्प्यांत गेले. प्रचारमोहीम संपली की ब्रँडला त्या पानाचे काम उरत नसे. संकेतस्थळाचे नाव पुन्हा नोंदवले गेले नाही की खेळ तिथेच संपे. जे उरले, त्यांच्यावर 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरने आशय चालवणेच बंद केले. वेबची पाने साठवणाऱ्या यंत्रणांनाही हे खेळ पुरते सापडत नाहीत. खेळ सुरू झाल्यावर तो स्वतःच आणखी फाइली मागवतो आणि त्यांचे दुवे पानावर दिसत नाहीत.

कायद्याकडे पाहिले तर विसंगती डोळ्यांत भरते. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणाली ही साहित्यकृती मानली आहे. पण प्रकाशकाने ग्रंथालयांकडे प्रती पाठवाव्यात असे सांगणारा 1954 चा कायदा छापील मजकुरापुरताच आहे. म्हणजे मालकीपुरते हे साहित्य, जतनापुरते नव्हे.

फर्दापूरसारख्या, अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या गावात राहून हा विषय अभ्यासताना दोन गोष्टी सहज आठवतात. सोळाव्या लेण्यात ते देणाऱ्या वराहदेवाचा, वाकाटकांच्या मंत्र्याचा, शिलालेख आहे. चित्रे काढणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. जाहिरातीच्या खेळातही नाव ब्रँडचे असते, तो रचणाऱ्या मुलामुलींचे बहुधा नसते. दुसरी गोष्ट नकलांची. रॉबर्ट गिलने 1844 नंतर वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या नकला बहुतांशी 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. नक्कल एकाच छताखाली ठेवली की तिचे काय होते, याचा हा धडा आहे. आणि अजिंठ्याची मूळ चित्रे निदान भिंतीवर उरली होती. खेळाचे मूळ तर सर्व्हरबरोबरच जाते.

जगात हे काम हौशी लोकांनी अंगावर घेतले आहे. ‘फ्लॅशपॉइंट’ने असे हजारो खेळ गोळा केले, ‘रफल’ ही प्रणाली जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवते. मात्र त्यासाठी मूळ फाइल हाती लागावी लागते. मुंबई-पुण्यात त्या काळी जाहिरात संस्थांत काम केलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात त्यांच्या जुन्या सीडी असतील. त्या सीडी फार काळ टिकणाऱ्या नाहीत. या दिवाळीच्या साफसफाईत अशी एखादी सीडी हाती आली, तर ती भंगारात देण्याआधी तिच्यातल्या फाइली उतरवून घ्याव्यात, दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि खेळ कोणी, कोणासाठी, कोणत्या साली केला ते कागदावर लिहून ठेवावे. ग्रंथालयाने करायची बांधणी इथे आपल्यालाच करावी लागणार आहे.