बालवर्गातून आलेले शिल्प

कागदी शिल्पाची वंशावळ सांगायला बसले की पहिले नाव पिकासोचे निघते. 1912 साली त्याने पुठ्ठा, कागद, दोरा आणि तार जोडून एक गिटार उभी केली आणि शिल्प म्हणजे दगडातून कोरायचे किंवा मातीतून घडवायचे, या समजुतीला तडा दिला. तिचे महत्त्व वादातीत आहे. पण कलाशाळेच्या पहिल्या वर्षात कागदाचा एक ताव हाती देऊन ‘याला उभे करा’ असे सांगितले जाते, त्या कामाचे मूळ या गिटारीत शोधणे चूक आहे. ते मूळ चित्रकाराच्या स्टुडिओत नसून लहान मुलांच्या वर्गात आहे. हे पटायला जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतला एक वर्ग पाहावा लागतो.

तो वर्ग योझेफ आल्बर्स यांचा. ते मुळात प्राथमिक शाळेतले शिक्षक. 1920 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वायमारच्या बाउहाउसमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि 1923 पासून तिथल्याच प्राथमिक अभ्यासक्रमात शिकवू लागले. पुढे डेसाऊ इथे 1928 च्या सुमारास त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हानेस बेकमान यांनी एका तासाची आठवण लिहून ठेवली आहे. सरांनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला, एकेकाला कागद दिला आणि यातून मुळात होते त्याहून अधिक काही करा, पण कागदाचा मान राखा, असे सांगून ते निघून गेले. परतले तेव्हा कुणी किल्ला, कुणी होडी, कुणी विमान, कुणी प्राणी केला होता. हे सारे बालवाडीतले काम, असे म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. वाखाणले एकच. एका विद्यार्थ्याने कागद उभा दुमडून नुसता टेबलावर ठेवला होता. एरवी लोळणारा कागद आपल्या सगळ्यांत दुबळ्या भागावर, म्हणजे कडेवर, उभा होता. चिकटवला की कागदाची एक बाजू कायमची हरवते, इथे दोन्ही बाजू बोलत होत्या.

आठवणी उशिरा लिहिल्या जातात आणि सुबक होत जातात, असे कुणी म्हणेल. पण या वर्गातल्या कामांची छायाचित्रे शिल्लक आहेत आणि त्यांतही हाच विचार दिसतो. एक काम तर आजही कुणालाही करून पाहता येते. चौकोनी कागदावर एकात एक चौकोन आखायचे, एका चौकोनाची घडी वर, पुढच्याची खाली, अशा आलटून-पालटून घड्या घालायच्या आणि कागद हळूहळू आवळत आणायचा. समोरासमोरचे दोन कोपरे आपोआप वर उचलले जातात, उरलेले दोन खाली झुकतात आणि सपाट कागदाचे घोड्याचे खोगीर होते. त्याला ना डिंक लागतो ना कामट्या, आणि एक कपटाही वाया जात नाही. आपल्या आकाशकंदिलात हाडे बांबूची असतात आणि कागद ही नुसती त्वचा. इथे हाडही कागद आणि त्वचाही कागद.

पण आल्बर्स यांनीच तर ‘बालवाडीतले काम’ म्हणून हिणवले होते, मग मूळ बालवर्गात कसे? इथेच थोडे खोलात जायला हवे. बालवाडीची, म्हणजे किंडरगार्टनची, कल्पना मांडणाऱ्या फ्रीड्रिश फ्रोबेल यांच्या पद्धतीत कृतींतून घडणाऱ्या आकृत्यांचे तीन वर्ग होते : व्यवहारातल्या वस्तूंच्या, सौंदर्याच्या आणि ज्ञानाच्या. आल्बर्स यांनी झिडकारल्या त्या होड्या-विमाने पहिल्या वर्गातल्या. उचलून धरली ती घडी तिसऱ्या वर्गातली. या तिसऱ्या वर्गात किती बळ आहे, हे बाउहाउस जन्मण्यापूर्वीच भारतातून सिद्ध झाले होते. 1893 साली मद्रासमध्ये टी. सुंदरराव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले. कल्पना सुचली ती फ्रोबेलच्या घड्यांच्या संचावरून, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि 1901 मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. आल्बर्स यांनी ते वाचले होते, असा माझा दावा नाही. घडी हा खेळ नसून विचार करण्याची रीत आहे, ही समज मुलांच्या वर्गातून आधीच बाहेर पडली होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. महायुद्धानंतरच्या जर्मनीत पैसा नव्हता म्हणून कागद, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे. खुद्द आल्बर्स वायमारच्या उकिरड्यावरून फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचून आणत आणि त्यांतून चित्रे रचत. पण महागाईचा आगडोंब शमल्यावरही, 1928 मध्ये, वर्गात कागदच होता आणि वाया न घालवण्याचा नियमही. काटकसर अडचणीतून आली असेल, पण टिकली ती मूल्य म्हणून. तिसरा आक्षेप जपानचा : तिथे 1797 मध्येच कागदी क्रौंचांच्या घड्यांचे पुस्तक छापले गेले होते. ती परंपरा थोरच. पण तिथे घडी क्रौंचापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. पिकासोची गिटारही गिटारच, आणि तिची आवृत्ती त्याने पुढे पत्र्यात केलीच. आल्बर्स यांच्या वर्गातली घडी मात्र कागद सोडून दुसऱ्या कशाचेही सोंग घेत नाही.

1933 मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले आणि आल्बर्स अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले. तिथे 1946 ते 1949 या काळात शिल्पकार रूथ असावा त्यांच्याकडे शिकल्या. तारेच्या फासात फास ओवून त्यांनी केलेल्या लोंबत्या शिल्पांत आतली बाजू कुठे संपते आणि बाहेरची कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. कागदाच्या दोन बाजूंचा धडा तारेत उतरला होता. पुढे 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक शाळेत असावांनी इतर पालकांसोबत कलेचा वर्ग उभारला. तिथल्या सामानात दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे होते आणि पीठ, मीठ, पाणी कालवून मळलेला गोळा. मुलांच्या वर्गातून निघालेली विद्या कलाशाळेतून फिरून पुन्हा मुलांच्याच हाती आली होती, आणि सामान तेव्हाही घरात सापडेल तेवढेच होते.