क्लिफ रिचर्ड यांचे गाणे ऐकण्यापूर्वी

ब्रिटिश पॉप आणि रॉक संगीताविषयी जे काही लिहिले जाते, त्यात क्लिफ रिचर्ड हे नाव बहुधा पहिल्या प्रकरणात येते आणि दुसऱ्या प्रकरणाच्या आधीच मागे पडते. 1963 मध्ये बीटल्स आले, की लेखकांचे लक्ष तिकडे वळते. पुढे रोलिंग स्टोन्स, डेव्हिड बोवी, क्वीन असा तो ओघ वाहत राहतो. गायक मात्र कुठेही गेलेला नसतो. 1958 च्या उन्हाळ्यात पहिली तबकडी ध्वनिमुद्रित करणारा हा माणूस 2020 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, नव्या संग्रहासह ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या पाचांत होता. सलग आठ दशकांत प्रत्येक दशकात असे स्थान मिळवणारा तो पहिला कलावंत ठरला. पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या पाचही दशकांत त्यांचे किमान एक गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अशी गाणी एकूण चौदा. इतका दीर्घ प्रवास अभ्यासकांच्या नजरेतून निसटावा, याला काही कारण असले पाहिजे, आणि ते समजून घेणे हीच या विषयात शिरण्याची पहिली पायरी आहे.

कारण असे, की साठच्या दशकानंतर पाश्चात्त्य पॉप संगीताची प्रतवारी एका विशिष्ट कसोटीवर होऊ लागली. गाणे स्वतः लिहावे, स्वतः चाल बांधावी, स्वतः गावे. असे करणारा तो खरा कलावंत. दुसऱ्याने लिहिलेले गाणारा मनोरंजन करणारा असेल, पण त्याच्याविषयी गांभीर्याने काय लिहायचे? क्लिफ रिचर्ड यांची जवळजवळ सगळी गाजलेली गाणी इतरांनी लिहिलेली आहेत, आणि ते त्यांनी कधी लपवलेही नाही.

इथे मराठी वाचकाची तयारी मोलाची ठरते. आपण भावगीतांवर वाढलो. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल अरुण दाते यांनी गायली, म्हणून दात्यांचे श्रेय उणे होते असे आपल्याला वाटत नाही. शब्द कुठे टाकला, श्वास कुठे घेतला, भावना कुठे आवरली, यालाच आपण गायकी म्हणतो. हाच कान घेऊन वाचकांनी क्लिफ रिचर्ड यांच्याकडे यावे. त्यांच्या स्वतःच्या देशातील अनेक समीक्षकांना जे दिसले नाही, ते तुम्हाला ऐकू येण्याची शक्यता मोठी आहे.

ही कथा सुरू होते लखनौमध्ये. 14 ऑक्टोबर 1940 रोजी तिथे जन्मलेल्या मुलाचे नाव हॅरी रॉजर वेब. वडील रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. पुढे कुटुंब कलकत्त्यापलीकडच्या हावड्याला राहिले. स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये, ‘रांची’ नावाच्या बोटीने ते इंग्लंडला गेले. भारतातले बरे राहणीमान मागे सुटले आणि तिकडे नातेवाइकांकडच्या अपुऱ्या जागेत दिवस काढावे लागले. वर्णावरून शाळेत चिडवले जाई. काही वर्षांनी लंडनच्या उत्तरेला चेशंट येथे नगरपालिकेचे घर मिळाले. साम्राज्य आवरत असताना ‘मायदेशी’ परतलेली, पण तो मायदेश कधी न पाहिलेली अशी अनेक कुटुंबे होती. ब्रिटनच्या पहिल्या अस्सल रॉक अँड रोल गायकाचे बालपण अशा घरातले आहे, ही गोष्ट मला त्याच्या कारकिर्दीच्या आकलनासाठी महत्त्वाची वाटते. सर्वांना आपलेसे वाटावे, कुणाला परके वाटू नये, ही त्यांच्या गाण्यातली सततची ओढ कदाचित तिथून आली असेल.

1958 चा जुलै. ॲबी रोडवरच्या ईएमआयच्या स्टुडिओत सतरा वर्षांचा हा मुलगा आला, तेव्हा तबकडीच्या मुख्य बाजूसाठी ‘स्कूलबॉय क्रश’ हे अमेरिकेत आधीच गायिले गेलेले गाणे ठरले होते. मागच्या बाजूला काहीतरी हवे, म्हणून ‘मूव्ह इट’ घेतले गेले. ते त्यांच्या सोबतच्या गिटारवादकाने, इयन सॅमवेलने, बसच्या वरच्या मजल्यावर बसून रचले होते. ‘ओह बॉय!’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा निर्माता जॅक गुड याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि कार्यक्रमात हवे असेल तर मागचेच गाणे गायला हवे, असा आग्रह धरला. बाजू उलटल्या. गाणे विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

हे गाणे आज ऐकताना वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोवर ब्रिटनमध्ये रॉक अँड रोल गायचे म्हणजे बहुतेक वेळा अमेरिकी गाण्याची नक्कल करायची. ‘मूव्ह इट’मध्ये नक्कल नाही असे म्हणता येणार नाही, एल्व्हिस प्रेस्लीची छाया त्या आवाजावर स्पष्ट आहे. पण सुरुवातीची गिटारची उतरती ओळ, मागे गुरगुरणारा खर्ज आणि त्यावर घाई न करता स्वार होणारा आवाज यांतून काहीतरी स्थानिक उभे राहते. सतरा वर्षांचा मुलगा ताल ओढत नाही, तालाच्या किंचित मागे राहतो. तेवढा एक गुण ऐकण्यासाठी हे गाणे तीन वेळा लावावे, असे मी सुचवेन.

त्याच वर्षी साताऱ्याच्या डोंगरात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, बारा वर्षांच्या फारुख बलसाराने मित्रांना घेऊन ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद जमवला. ही मुले जी गाणी वाजवत, त्यांत लिटल रिचर्डबरोबर क्लिफ रिचर्डचीही असत. हा फारुख पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. 1986 मध्ये लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये ‘टाइम’ हे संगीत नाटक रंगले, त्यात मुख्य भूमिका क्लिफ यांची होती, आणि त्याच नाटकाच्या ध्वनिमुद्रित संग्रहात शीर्षकगीत गायले मर्क्युरीने. ब्रिटिश पॉपचा इतिहास लिहिताना ही दोन नावे सहसा शेजारी येत नाहीत. आपल्या सह्याद्रीतल्या एका शाळेने त्यांना फार आधी शेजारी बसवले होते, याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

1959 मध्ये आलेल्या ‘लिव्हिंग डॉल’ने कारकिर्दीचे वळण ठरवले. लायनेल बार्टने ते ‘सीरियस चार्ज’ या चित्रपटासाठी लिहिले होते आणि चित्रपटात ते द्रुत ठेक्यात आहे. तबकडीसाठी पुन्हा गायचे ठरले तेव्हा क्लिफना ते तसे गायचे नव्हते. सोबतीचा गिटारवादक ब्रूस वेल्च याने सरावात ठेका संथ केला, ग्रामीण अमेरिकी गाण्यांसारखा सैल, आणि गाणे मोकळे झाले. ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आई-वडिलांनाही आवडेल असे हे रॉक! अनेक टीकाकारांच्या मते इथे बंडखोरी संपली. मला मात्र इथे गायक जन्मलेला दिसतो. आपल्या आवाजाचा नैसर्गिक वेग कोणता, हे त्याला एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी कळले होते.

सोबतच्या वादकांविषयी दोन शब्द. हँक मार्विन, ब्रूस वेल्च, जेट हॅरिस, टोनी मीहन यांचा संच आधी ‘ड्रिफ्टर्स’ म्हणवत असे. त्याच नावाचा अमेरिकी गायकसंच असल्याने 1959 मध्ये ते ‘शॅडोज’ झाले. मार्विनच्या गिटारचा स्वच्छ, लांबत जाणारा स्वर ब्रिटनमधल्या एका पिढीने हातात गिटार घेण्याचे कारण ठरला. क्लिफ यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत आवाज आणि ती गिटार एकमेकांना जागा करून देतात. निर्माते नॉरी पॅरामॉर यांनी या दोघांभोवती कधी तंतुवाद्ये उभी केली, कधी काहीच नाही. जिथे काहीच नाही, ती गाणी अधिक टिकली आहेत.

मग यशाची वर्षे आली. ‘द यंग वन्स’च्या पाच लाखांहून अधिक प्रतींची आगाऊ मागणी नोंदली गेली आणि जानेवारी 1962 मध्ये ते गाणे थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. 1963 च्या ‘समर हॉलिडे’ चित्रपटात चार तरुण लंडनची दुमजली लाल बस घेऊन अथेन्सपर्यंत जातात. युद्धानंतरच्या काटकसरीतून बाहेर पडणाऱ्या ब्रिटनला हे स्वप्न फार भावले. 1968 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या युरोव्हिजन स्पर्धेत ‘काँग्रॅच्युलेशन्स’ स्पेनच्या गाण्यापेक्षा एका गुणाने मागे राहिले, 28 विरुद्ध 29. आज ते गाणे वाढदिवसांत आणि समारंभांत वाजते. कारकिर्दीतली सर्वांत ओळखीची ही गाणी अभ्यासकाला सर्वांत कमी काही देतात, असे माझे मत आहे. त्यांवरून पुढे जावे.

1966 मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या लंडनमधील सभेत त्यांनी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचा जाहीर उच्चार केला. गाणे सोडून धर्मशिक्षणाचा शिक्षक व्हावे, असेही त्यांच्या मनात आले होते. रॉक संगीत त्या काळात नेमके उलट्या दिशेने चालले होते, त्यामुळे या निर्णयाची किंमत त्यांना प्रतिष्ठेत मोजावी लागली. श्रद्धेने त्यांच्या निवडीलाही मर्यादा घातल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यात ‘हाँकी टाँक एंजल’ हे गाणे प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या शीर्षकाचा बोलीतला अर्थ वेश्या असा होतो, हे त्यांना समजले आणि त्यांनी स्वतःच त्या तबकडीचा पुरस्कार करणे थांबवले. वाचक त्यांच्या श्रद्धेशी सहमत असोत वा नसोत, हा गायक शब्दांची जबाबदारी स्वतःवर घेतो, हे लक्षात ठेवून पुढचे गाणे ऐकावे.

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. 1976 मध्ये ‘आय अ‍ॅम निअर्ली फेमस’ हा संग्रह आला. अठरा वर्षे गाजलेल्या गायकाने ‘मी जवळजवळ प्रसिद्ध झालो आहे’ असे शीर्षक घ्यावे, यात विनय आहे आणि नव्याने सुरुवात करण्याची जिद्दही. निर्मिती ब्रूस वेल्चची, म्हणजे ‘लिव्हिंग डॉल’चा ठेका बदलणाऱ्याचीच. ‘मिस यू नाइट्स’ ऐका. डेव्ह टाउनसेंड यांचे हे गाणे विरहाचे आहे, आणि सामान्य गायकाने ते अश्रूंनी भिजवले असते. क्लिफ सुरुवातीची कडवी जवळजवळ बोलल्यासारखी, सपाट म्हणता येईल इतक्या आवरलेल्या स्वरात गातात. तंतुवाद्ये वर चढतात तेव्हाही आवाज त्यांच्याशी स्पर्धा करत नाही. शेवटाकडे तो मोकळा सुटतो, तेव्हा ती सुटका आपल्यालाही हवी असते. याच संग्रहातले ‘डेव्हिल वुमन’ अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. तोवर अमेरिकेने त्यांना फारसे विचारले नव्हते. तिथे त्यांच्या पाठीशी एल्टन जॉनची रॉकेट ही कंपनी उभी राहिली.

1979 मध्ये अ‍ॅलन टार्नी यांचे ‘वुई डोन्ट टॉक एनीमोअर’ आले आणि अकरा वर्षांनी क्लिफ पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचले. या गाण्यात कडवे मध्य सप्तकात, तक्रारीच्या सुरात चालते आणि धृपदाशी आवाज एकदम उंच, पातळ होऊन निसटतो. तुटलेल्या नात्यातला माणूस आधी युक्तिवाद करतो, मग त्याचा आवाजच त्याला साथ देत नाही. शब्दांत न सांगितलेले हे नाट्य चालीने आणि गळ्याने सांगितले आहे. लिहिणारा वेगळा, गाणारा वेगळा असूनही गाणे एकजीव कसे होते, याचे इतके चांगले उदाहरण पॉप संगीतात मला क्वचित सापडले.

पुढच्या वर्षांत सगळेच सारखे तोलाचे नाही. नाताळची गाणी, विशेषतः 1988 चे ‘मिसलटो अँड वाइन’, अतिगोड आहेत आणि तरीही त्या देशाच्या घराघरांतल्या सणाचा भाग झाली आहेत. 1999 मध्ये ‘मिलेनियम प्रेअर’ प्रसिद्ध करायला त्यांच्या जुन्या कंपनीने नकार दिला, अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवले नाही, आणि तरी ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. संगीत म्हणून ते मला थिटे वाटते. पण गायक आणि श्रोते यांचे थेट नाते किती घट्ट असू शकते, याचा पुरावा म्हणून त्याला टाळता येत नाही. 1995 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 2014 मध्ये एका आरोपाच्या तपासात पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली आणि बीबीसीने ती थेट दाखवली. त्यांच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झाले नाही, आणि खासगीपणाच्या भंगाबद्दलचा दावा त्यांनी 2018 मध्ये जिंकला. ब्रिटनमधील वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि खासगीपणा यांवरच्या चर्चेत हा खटला आजही आधाराला घेतला जातो.

नव्या वाचकांनी कुठून सुरुवात करावी? कालक्रमाने जाऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. साठच्या दशकातील चित्रपटगीतांच्या गर्दीत उत्साह विरून जातो. आधी 1976 चा संग्रह पूर्ण ऐका, गाणी मध्येच न वगळता. त्यानंतर ‘मूव्ह इट’कडे परत जा, अठरा वर्षांचे अंतर आवाजात कुठे पडले आणि कुठे मुळीच पडले नाही, ते वहीत टिपून ठेवा. मग ‘लिव्हिंग डॉल’ची तीन रूपे ओळीने लावा: चित्रपटातले द्रुत, 1959 च्या तबकडीवरचे संथ, आणि 1986 मध्ये ‘द यंग वन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या विनोदी नटांबरोबर मदतनिधीसाठी केलेले धमाल रूप, ज्यात नट दंगा घालत असताना क्लिफ आपली चाल जराही ढळू देत नाहीत. त्या मालिकेचे नावही त्यांच्याच गाण्यावरून घेतले होते. शॅडोजचे ‘अपाचे’ हे नुसते वाद्यांचे गाणे मध्ये कुठेतरी ऐकून घ्या, म्हणजे गायक बाजूला काढल्यावर काय उरते ते कळेल. पुढील पानांतली पहिली तीन प्रकरणे याच क्रमाने रचली आहेत. प्रत्येक प्रकरण वाचण्याआधी त्यातली गाणी एकदा ऐकावीत, आणि वाचून झाल्यावर पुन्हा.