पैनगंगेअलीकडचा पैसा

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर हळूहळू दोन वेगळी नाणी रुळली. पलीकडे वाशीम-पुसदच्या बाजूला इंग्रजांचा कलदार, अलीकडे हिंगोली-कळमनुरीत निजामाचा हाली सिक्का. गंमत अशी, की वऱ्हाड गेले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, आणि त्याच फौजेची एक छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीत होती.

दोन्हीही रुपयेच, पण मोल वेगळे. पुढे जो दर कायम झाला त्यात १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत; तोंडी हिशेबात सात हाली म्हणजे सहा कलदार. सुटे पैसेही जुळत नसत. इंग्रजी पैसा तीन पैचा, रुपयाला चौसष्ट. निजामाचे नेहमीच्या वापरातले तांब्याचे नाणे दोन पैचे, म्हणून ते रुपयाला शहाण्णव. त्यामुळे कर्जाच्या कागदावर रकमेपुढे ‘हाली’ की ‘कलदार’ हे लिहिलेले नसले, तर भांडणाला जागा राहिली असे समजावे.

ही नाणी अजून घरोघरी निघतात. देवघरातल्या तबकात, आजीच्या गाठोड्यात, पाडलेल्या भिंतीच्या कोनाड्यात. मग प्रश्न ठरलेला: याचे किती येतील?

बहुतेक वेळा थोडेच. दोन पैचे नाणे लाखोंनी पाडले गेले. घासलेले, नेहमीच्या सालाचे असेल तर ते सहसा शंभर रुपयांच्या आतच जाते. नाणे जुने आहे म्हणून महाग, हा समज संग्राहकाला मान्य नाही. भारतात दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची नाणीही स्वस्तात मिळतात. उलट इंग्लंडमध्ये १९३३ सालची पेनी मूठभरच पाडली गेली, म्हणून तिच्यासाठी श्रीमंत माणसे लिलावात चढाओढ करतात. बाकी सालांच्या पेन्या तिथेही डबे भरभरून पडल्या आहेत.

हाली नाण्यात पाहायचे ते साल, छाप आणि झीज. तांब्याच्या दोन पैवर चारमिनार नसतो. तिथे तुघरा, म्हणजे नाव गुंफून केलेली वळणदार मोहोर असते. चारमिनार आहे तो चांदीच्या रुपया, आठ आणे, चार आणे, दोन आणे यांवर. साधारण १९०३-०४ पासून, निजाम महबूब अली खान यांच्या काळात, ही छाप आली. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसते: ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अलींचे, ‘ऐन’ असेल तर त्यांच्यानंतरच्या उस्मान अलींचे. २९ ऑगस्ट १९११ रोजी महबूब अली वारले आणि गादी बदलली. हिजरी साल तेव्हा १३२९ होते. उस्मान अलींच्या पहिल्या रुपयांवर तो ‘ऐन’ अर्धवट, नुसते डोके काढल्यासारखा आहे. १३३० मध्येच तो पुरा झाला. म्हणूनच १३२९ दिसले की जाणकार आधी कमानीकडे भिंग नेतो. साल वाचताना घोळ होतो तो आकड्यांचा. उर्दूतला पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. शिवाय हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवायला दोन पैचे नाणे लहान झाले आणि मधोमध भोक आले. इंग्रजांनीही १९४३ मध्ये भोकाचा पैसा काढला. नदीच्या दोन्ही तीरांना निदान एवढे साम्य आले! हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाले, तरी हाली चलन काही वर्षे भारतीय रुपयाबरोबर चालले आणि १९५९ मध्ये कायमचे रद्द झाले.

रुपयाची गोष्ट वेगळी, कारण त्यात चांदी आहे. वजन ११.१८ ग्रॅम, शुद्धता ८१.८ टक्के, म्हणजे नऊ ग्रॅमहून थोडी अधिक शुद्ध चांदी. कितीही झिजला तरी उरलेल्या चांदीचे पैसे सराफ मोजतोच. बंजारा बायकांच्या दागिन्यांत असे रुपये कडी डाखून ओवलेले असतात. दागिना म्हणून ते देखणे, पण डाख लागलेला किंवा भोक पाडलेला रुपया संग्राहकाच्या लेखी जवळजवळ चांदीच्याच भावाचा उरतो. चिंच, लिंबू, राख लावून नाणे लखलखीत करणारे तर घरबसल्या किंमत उतरवतात. तांब्यावर चढलेला तो काळपट-तपकिरी थर संग्राहकाला हवा असतो.

भाव पाहायचा तर मागितलेला नव्हे, मिळालेला पाहावा. मुंबईत तोडीवाला यांच्यासारख्या लिलावघरांच्या याद्यांत विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे असतात. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. राम-सीता, हनुमान यांच्या छापाची ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ची नाणी मात्र कोणी दाखवली तर पाकीट खिशातच ठेवावे, कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कमिशनही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले, इतके तिच्या नावावर कमिशन मागणारे ठग बोकाळले होते.

आणि नाणी घरातली नसून शेतात नांगराला लागली असतील, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. विक्रीचा विचार त्यानंतर.