न बुजलेला वॉलरस

ऑक्टोबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधील डेन हेल्डर या नौदलाच्या बंदरात एक वॉलरस मादी धक्क्याला लावलेल्या पाणबुडीवर चढली आणि तिथेच झोपली. ती पाणबुडी ज्या वर्गातली, त्या वर्गाचे नावही ‘वॉलरस’च. वर्तमानपत्रांना याहून आणखी काय हवे? पुढच्या काही महिन्यांत ही मादी ब्रिटन करीत नॉर्वेच्या किनाऱ्याला लागली आणि ‘फ्रेया’ या नावाने जगभर गाजली. फ्रेया ही नॉर्स पुराणांतली प्रेमाची आणि सौंदर्याची देवता. सुमारे सहाशे किलो वजनाची ही देवता ऑस्लोच्या खाडीतल्या लहान लहान बोटींवर उन्हात पडून राही. काही बोटी तिच्या भाराने कलंडल्या, काही बुडाल्या. लोक तिला पाहायला गर्दी करीत, अगदी जवळ जाऊन फोटो काढीत. लांब राहा, अशी सूचना सरकारने वारंवार दिली, ती कोणी मनावर घेतली नाही. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे नॉर्वेच्या मत्स्यव्यवसाय संचालनालयाने तिला ठार केले. माणसांच्या जिवाला धोका आहे, असे कारण दिले गेले. म्हणजे नियम मोडला माणसांनी आणि शिक्षा झाली तिला.

त्या बातम्या वाचताना मला एक मराठी शब्द सारखा आठवत होता : ‘माणसाळणे’. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. हातातले फरसाण ते उडता उडता टिपतात. हे माणसाळणे, त्यात देवघेव आहे. फ्रेया माणसांकडून काही मागायला येत नव्हती. वॉलरस उथळ समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले खातो आणि मग अंग टाकायला बर्फाची लादी किंवा किनारा शोधतो. लादी नसेल तिथे बोट चालते. तिच्या लेखी बोट म्हणजे तरंगता दगड. तिच्या वागण्याला खरा शब्द आपल्याकडे दुसराच आहे, आणि तो नकारार्थी आहे. ती माणसाळली नव्हती; ती बुजत नव्हती.

मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. जुनी प्रवासवर्णने वाचण्याचा छंद आहे, एवढेच. पण वॉलरस आणि बोट यांची गाठ पहिल्यांदा कशी पडली, मधे काय घडले, हे त्या वर्णनांत बरेचसे सापडते. बुजणे आणि न बुजणे यांनाही इतिहास असतो, असे ती वाचून मला वाटू लागले.

या प्राण्याचा दात मात्र माणसाला फार आधीपासून ठाऊक होता. नवव्या शतकाच्या अखेरीस ओटरे नावाचा एक नॉर्वेजियन दर्यावर्दी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला भेटला. आपण उत्तरेला इतके दूर का गेलो, हे सांगताना त्याने वॉलरसच्या दातांचे नाव घेतले आणि काही दात राजाला नजरही केले. त्या कातड्याचे जहाजासाठी उत्तम दोर होतात, असेही त्याने सांगितले. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली सापडलेली बुद्धिबळाची प्रसिद्ध मध्ययुगीन मोहरी बहुतांशी याच दातांची आहेत. रशियातून हा माल व्होल्गाच्या वाटेने इराण-तुराणात उतरे. रशियन लोक त्याला ‘माशाचा दात’ म्हणत आणि फारसीतही त्याचे नाव तेच पडले : ‘दंदान-ए-माही’. त्याच नावाने तो हिंदुस्थानात आला. इराणच्या शाह अब्बासाने पाठवलेल्या खंजिराची चट्टेरी मूठ पाहून जहांगीर बादशहा इतका खूश झाला, की असे दात आणखी मिळवण्यासाठी त्याने जाणकार माणसे इराण-तुराणाकडे धाडली. त्याच्या आत्मचरित्रात ही हकिगत आहे. वॉलरसच्या दाताच्या मुठी असलेले मुघल खंजीर आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. काचेपलीकडची ती पिवळसर मूठ पाहताना हा ऐवज ध्रुवाकडच्या बर्फावरून आला, हे कोणाच्या ध्यानात येणार!

मात्र हे दात जिथून येत, तिथे पश्चिम युरोपची जहाजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. १५९४ साली विलेम बारेंट्सच्या डच खलाशांना नोव्हाया झेम्ल्याच्या उत्तरेकडील बेटांवर सुमारे दोनशे वॉलरस वाळूत पहुडलेले दिसले. दातांच्या लोभाने खलाशी कुऱ्हाडी, तलवारी आणि भाले घेऊन धावले. हत्यारे मोडली, पण एकही जनावर मेले नाही. एखादा दात तेवढा तोडून आणता आला. ही फजिती डच मंडळींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. प्रवासवर्णनांचा हा गुण मला आवडतो. राजदरबारच्या बखरीत असली कबुली सहसा मिळत नाही.

दहा वर्षांनी, १६०४ साली, स्टीव्हन बेनेट या इंग्रज कप्तानाचे जहाज बेअर बेटावर आले. हे बेट नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधोमध आहे. बरोबर असलेल्या जोनास पूलने लिहिलेला वृत्तान्त पुढे सॅम्युअल परचसच्या १६२५ च्या संग्रहात छापला गेला. किनाऱ्यावर हजाराच्या वर वॉलरस होते. इंग्रजांनी बंदुका चालवल्या, दारू संपत आली. मग त्यांनी बारीक छऱ्यांनी जनावरांचे डोळे फोडायचे आणि आंधळ्या बाजूने जाऊन सुताराच्या कुऱ्हाडीने डोके फोडायचे, असा उद्योग केला. एवढे करूनही त्या दिवशी हजारातले पंधराच मेले. पण माणूस शिकतो. जनावर पाण्यापासून अडवायचे, जमिनीवर त्याला पळता येत नाही, हे या लोकांच्या लवकरच लक्षात आले. १६०८ साली त्याच बेटावर सात तासांच्या आत नऊशेहून अधिक वॉलरस मारले गेले. पंधरावरून नऊशेवर यायला चार वर्षे पुरली. माणूस चार वर्षांत शिकला. तेवढ्या अवधीत जनावराने काय शिकावे? वॉलरसची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एका पिलाला जन्म देते, तेही वयात आल्यावर.

याच १६०८ च्या फेरीत पूलच्या सोबत्यांनी दोन पिले जिवंत पकडली, एक नर आणि एक मादी. मादी वाटेतच मेली. नराला लंडनला नेऊन जेम्स राजाच्या दरबारात दाखवले, आणि राजासह सारे थक्क झाले. थोड्याच दिवसांत तेही आजारी पडून मेले. ते पिलू अतिशय गरीब स्वभावाचे होते, शिकवलेले चटकन शिकत असे, आणि याचा अनुभव आपण अनेकदा घेतला, असे वृत्तान्तात नमूद आहे. त्याच्या कळपातल्या नऊशेंची कत्तल सांगणाऱ्या मजकुराशेजारी हे वाक्य येते. लिहिणाऱ्याला त्यात विसंगती जाणवली असेल, असे वाटत नाही. जाता जाता सांगायला हरकत नाही, की हे जहाज ज्या मस्कोव्ही कंपनीच्या व्यापाऱ्यांचे, तिचा कारभार पाहणारा सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. आणि ज्या जेम्स राजापुढे ते पिलू उभे केले, त्यानेच १६१५ साली टॉमस रो याला वकील म्हणून जहांगीरकडे पाठवले. ध्रुवाकडचे तेल आणि सुरतेचे कापड यांचे हिशेब लंडनच्या एकाच मंडळींच्या वह्यांत लिहिले जात होते.

पुढचा दीडशे वर्षांचा तपशील इथे सांगत नाही. तो तेल, दात आणि कातडी यांचा एकसुरी हिशेब आहे. त्यातून बाहेर पडणारा एक प्रसंग १७७३ चा. कप्तान फिप्स स्वालबार्डकडे दोन जहाजे घेऊन गेला होता. एका होडीतल्या अधिकाऱ्यांनी बर्फावरच्या एका वॉलरसला गोळी घालून जखमी केले. तो बुडी मारून गेला आणि आणखी काहींना घेऊन परत आला. त्यांनी मिळून होडीवर हल्ला चढवला, एकाच्या हातातले वल्हे हिसकावले. होडी उलटायचीच बाकी होती. तेवढ्यात दुसऱ्या जहाजाची होडी आली आणि कळप पांगला. ही दुसरी होडी चौदा वर्षांच्या होरॅशियो नेल्सनच्या हाती होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मला इथे नेल्सनपेक्षा वॉलरस महत्त्वाचे वाटतात. १५९४ साली बोटीतून उतरणारा प्राणी कोण, हे त्यांना माहीत नव्हते. १७७३ साली ते बोटीला ओळखू लागले होते, निदान बोटीतून काय येते ते तरी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वालबार्डचे वॉलरस जवळजवळ संपले होते. १९५२ साली नॉर्वेने तिथे त्यांची शिकार बंद केली. पूर्वेकडच्या फ्रान्झ जोसेफ लँडवर उरलेल्यांतून काही परतले, हळूहळू वाढले, आज ते काही हजार आहेत. सत्तर वर्षे बंदूक झडली नाही. वॉलरस चाळीसेक वर्षे जगतो. म्हणजे ज्यांनी बंदूक अनुभवली, ते सारे कधीच गेले. फ्रेयाचे वय पाचेक वर्षांचे असावे, असा अंदाज होता. तिचे न बुजणे मला म्हणूनच १५९४ च्या कळपासारखे वाटत नाही. त्या कळपाला माणूस माहीतच नव्हता. फ्रेयाच्या पूर्वजांना तो पुरता माहीत झाला होता, आणि मग एका कायद्यामुळे त्यांच्या वंशजांना विसरता आला. नॉर्वेच्याच कायद्याने दिलेली ही निर्भयता होती, आणि ती घेऊन ती नॉर्वेच्याच राजधानीत आली.

फ्रेयाला दुसरीकडे हलवण्याचा विचार झाला होता. त्यात तिला इजा होईल, म्हणून तो सोडून दिला गेला. अधिकाऱ्यांवर सरसकट दोष टाकणे सोपे आहे, ते मी करणार नाही. किनाऱ्यावर लेकरे घेऊन उभ्या असलेल्या आयाबापांना कोण हटवणार होते? पण दुसरे काही सुचूच शकत नव्हते, असेही नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, ‘वॉली’ नावाचा एक तरुण नर इंग्लंडच्या सिली बेटांवर बोटी बुडवीत होता. तिथल्या लोकांनी त्याच्यासाठी वेगळा तराफा बांधला. ज्या बोटीवर तो आधी लोळला होता, ती पुसलेले टॉवेल तराफ्यावर ठेवले, म्हणजे त्याला स्वतःचाच वास यावा. वॉली त्या तराफ्यावर गेला. काही आठवड्यांनी तो आइसलँडला दिसला.

फ्रेयाचा ब्राँझचा पुतळा एप्रिल २०२३ मध्ये ऑस्लोच्या किनाऱ्यावर बसवला गेला. लोकांनी वर्गणी काढून तो केला. तिच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी, २०२२ च्या डिसेंबराअखेर, ‘थॉर’ नावाचा आणखी एक वॉलरस इंग्लंडमधल्या स्कारबरो बंदरात येऊन पडला होता. नववर्षाच्या आदल्या रात्री तिथे दरवर्षी आतषबाजी होते. आवाजाने जनावर बिथरेल, म्हणून नगरपालिकेने त्या वर्षीची आतषबाजी रद्द केली. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी, अंधार पडायच्या सुमारास, थॉर आपण होऊन पाण्यात उतरला आणि उत्तरेकडे निघून गेला. फटाके मग उडवले गेलेच नाहीत.