प्रसूतिपूर्व शिक्षण

प्रसूतिपूर्व शिक्षण : गर्भारपण, प्रसूती व नवजात अर्भकाचे संगोपन यांसंबंधी गर्भवतीला आणि तिच्या कुटुंबीयांना प्रसूतीपूर्वी पद्धतशीरपणे दिले जाणारे ज्ञान व करून घेतला जाणारा सराव. गर्भवतीचा आहार व विश्रांती, प्रसूतीच्या अवस्था, श्वसनाचे आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, स्तनपान, अर्भकाची स्वच्छता व लसीकरण हे त्यातील प्रमुख विषय होत. जन्मणाऱ्या अर्भकासाठी बालरोगतज्ञाची आगाऊ निवड करणे हाही या तयारीचा एक भाग मानला जातो. पहिलटकरणीला या शिक्षणाची गरज विशेष असते. त्याला वर्गाचे स्वरूप विसाव्या शतकात आले. पूर्वतयारीची कल्पना मात्र फार जुनी आहे. तिच्या आधुनिक इतिहासात दोन प्रवाह दिसतात. एकाचा उगम अर्भकांच्या मृत्यूंत, तर दुसऱ्याचा मातेच्या भीतीत व वेदनांत आहे. हे दोन्ही प्रवाह दीर्घकाळ अलग राहिले व उशिरा एकत्र आले.

पारंपरिक तयारी : आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग गर्भिणी, सूतिका व बालक यांच्या परिचर्येला वाहिलेले आहे. काश्यपसंहिता हा या विषयावरील प्रमुख ग्रंथ होय. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून सज्ज ठेवण्यास सांगितले आहे. तेथे कोणती सामग्री असावी, याच्या तपशिलाबरोबरच अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ व कुशल स्त्रिया गर्भिणीच्या सोबतीला असाव्यात आणि त्यांनी तिला धीर द्यावा, असाही निर्देश आहे. म्हणजे औषधांइतकेच महत्त्व अनुभवी सोबतीला दिले गेले होते.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची जी रूढी आहे, तीमागेही हेच तत्त्व दिसते. डोहाळजेवणानंतर मुलगी माहेरी येई. आई, आजी, मावशी आणि गावातील सुईण यांच्या सहवासात ती अनेक गोष्टी न शिकवता शिकत असे. बाळंतिणीचा आहार, शेक-शेगडी, बाळाला न्हाऊ-माखू घालण्याची रीत यांचे ज्ञान अशा रीतीने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे. या ज्ञानात मोलाचे पुष्कळ होते, तसेच घातकही होते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापणे, पहिला चीक काढून टाकणे, बाळंतिणीला अंधाऱ्या व कोंदट खोलीत ठेवणे यांसारख्या प्रथांमुळे माता व अर्भके दगावत. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे पहिले मूल त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी जन्मले व अवघे दहा दिवस जगले. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हा अनुभव होता. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता.

अर्भकमृत्यू व मातृशिक्षण : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपातील औद्योगिक शहरांत जन्मलेल्या अर्भकांपैकी फार मोठा हिस्सा पहिल्या वर्षातच मृत्युमुखी पडत असे. अतिसार व दूषित दूध ही त्याची मोठी कारणे होती. पॅरिसमधील प्रसूतितज्ञ प्येअर ब्यूदँ (१८४६–१९०७) यांनी १८९२ मध्ये शारिते रुग्णालयात निरोगी अर्भकांसाठी सल्लाकेंद्र उघडले. तेथे बालकांचे नियमित वजन करून मातांना स्तनपानाविषयी मार्गदर्शन केले जाई. आजारी नसलेल्या मुलालाही वैद्याकडे नेण्याची पद्धत येथून रुळू लागली. लंडनच्या सेंट पँक्रस भागात १९०७ मध्ये मातांसाठी शाळाच सुरू झाली. न्यूयॉर्क शहरात १९०८ मध्ये बालआरोग्य विभाग स्थापन झाला. त्याच्या प्रमुख जोसेफीन बेकर (१८७३–१९४५) यांनी घरोघरी परिचारिका पाठविल्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींनाही बालसंगोपनाचे धडे दिले.

एडिंबरो येथील जॉन विल्यम बॅलंटाइन (१८६१–१९२३) यांनी १९०१ मध्ये गर्भवतींसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. गर्भाची काळजी जन्मापूर्वीच घेतली पाहिजे, या त्यांच्या विचारातून तेथे १९१५ मध्ये प्रसूतिपूर्व तपासणीचे केंद्र निघाले. अमेरिकेच्या संघीय शासनाने १९१२ मध्ये बालककार्यालय स्थापिले. त्या कार्यालयाने १९१३ मध्ये गर्भवतीची काळजी व १९१४ मध्ये अर्भकाची काळजी या विषयांवर सोप्या भाषेतील पुस्तिका प्रसिद्ध केल्या. शेपर्ड-टाउनर कायद्याने (१९२१) राज्यांना मातृ-बालआरोग्यासाठी अनुदान मिळू लागले आणि त्यातून परिचारिकांच्या भेटी, तपासणी-मेळावे व मातांचे वर्ग यांचा प्रसार झाला. हे अनुदान १९२९ मध्ये बंद पडले.

बालवैद्यकाचा उदय : मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये आधीच निघाली होती. पॅरिस येथील रुग्णालय १८०२ मध्ये व लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील रुग्णालय १८५२ मध्ये सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये अब्राहम जेकोबी (१८३०–१९१९) यांनी १८६० मध्ये मुलांसाठी चिकित्सालय उघडले. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याची शरीरक्रिया, रोग व उपचार वेगळे आहेत, ही या शाखेची मूळ भूमिका होय.

शेपर्ड-टाउनर कायद्यावरून अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेत १९२२ मध्ये तीव्र मतभेद झाले. मूळ संघटनेने कायद्याला विरोध केला, तर तिच्या बालवैद्यक विभागाने पाठिंबा दिला. या वादातूनच १९३० मध्ये अमेरिकन अकॅडेमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही स्वतंत्र संस्था जन्माला आली. पुढे शासकीय केंद्रांतील निरोगी बालकांच्या तपासणीचे काम हळूहळू खाजगी बालरोगतज्ञांकडे गेले व ‘आपल्या मुलाचा डॉक्टर’ ही मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज बनली. बेंजामिन स्पॉक (१९०३–९८) या बालरोगतज्ञाच्या १९४६ मधील पुस्तकाने आईबापांना आत्मविश्वास दिला. तथापि तज्ञांचा सल्लाही चुकू शकतो, याचे गंभीर उदाहरण याच ग्रंथात मिळते. त्याच्या १९५० नंतरच्या काही आवृत्त्यांत अर्भकाला पोटावर निजविण्याची शिफारस होती. ही सवय अर्भकाच्या अकस्मात मृत्यूची शक्यता वाढविते, असे पुढे दिसून आले आणि १९९२ मध्ये अमेरिकन अकॅडेमीने ती सोडण्याचा सल्ला दिला. त्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण बरेच घटले.

वेदना, भीती व वर्ग : दुसरा प्रवाह मातेच्या अनुभवाशी निगडित आहे. जेम्स यंग सिंप्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत ईथर व क्लोरोफॉर्म वापरले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे मॉर्फीन व स्कोपोलामीन देऊन प्रसूतीची स्मृतीच पुसण्याची पद्धत निघाली आणि अमेरिकेत तिला मोठी मागणी आली. याच काळात बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले. अमेरिकेत १९०० मध्ये ५ टक्क्यांहून कमी प्रसूती रुग्णालयात होत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. मृत्यूचे भय कमी होत गेले. पण नात्यातील बायका दाराबाहेर राहिल्या आणि पहिलटकरीण अपरिचितांमध्ये एकटी पडली.

ब्रिटिश प्रसूतितज्ञ ग्रँट्ली डिक-रीड (१८९०–१९५९) यांनी १९३३ मधील आपल्या ग्रंथात भीतीमुळे शरीर ताठरते व ताठरपणामुळे वेदना वाढते, असे मांडले. काय घडणार आहे हे स्त्रीला आधी समजावून सांगितले आणि स्नायू सैल सोडण्यास शिकविले, तर हे चक्र भेदता येईल, असा त्यांचा दावा होता. स्त्रीच्या ‘स्वाभाविक’ वृत्तीविषयीची त्यांची काही मते आज मागास वाटतात; मात्र प्रसूतीतील भीतीला त्यांनी वैद्यकीय विषय बनविले, हे त्यांचे श्रेय होय.

सोव्हिएट युनियनमध्ये वेल्व्हॉव्हस्की आदी वैद्यांनी पाव्हलॉव्ह यांच्या अभिसंधानाच्या सिद्धांतावर आधारलेली पद्धत विकसित केली व १९५१ मध्ये तेथील शासनाने तिचा देशभर पुरस्कार केला. त्याच वर्षी फ्रेंच प्रसूतितज्ञ फेर्नां लामाझ (१८९१–१९५७) यांनी तेथे ती पाहिली आणि पॅरिसमधील धातुकामगार संघटनेच्या रुग्णालयात १९५२ पासून तिचा अवलंब केला. मोजके श्वसन, सराव व शेजारी प्रशिक्षित सहायक ही तिची अंगे होत. पोप बारावे पायस यांनी १९५६ मध्ये वेदनारहित प्रसूतीला धर्माची हरकत नसल्याचे सांगितल्याने कॅथलिक देशांतील तिचा मार्ग सुकर झाला. कामगारवस्तीत वाढलेली ही पद्धत मार्जरी कार्मेल यांच्या १९५९ मधील पुस्तकामुळे अमेरिकेतील सुशिक्षित वर्गात पोहोचली. कार्मेल व एलिझाबेथ बिंग (१९१४–२०१५) यांनी १९६० मध्ये तिच्या प्रसारासाठी संस्था काढली. रॉबर्ट ब्रॅडली यांनी १९६५ मध्ये पतीने प्रसूतीत साहाय्य करावे, हा विचार मांडला. ब्रिटनमध्ये १९५६ पासून मातांच्या संघटनेने हे काम केले. शीला किट्झिंगर (१९२९–२०१५) या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने प्रसूती हा स्त्रीचा स्वतःचा अनुभव आहे, या भूमिकेला बळ दिले.

बालरोगतज्ञाची निवड : या वर्गांत बाळंतपणाबरोबर बाळाचाही विचार होऊ लागला, तेव्हा दोन्ही प्रवाह जुळले. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईबापांनी बालरोगतज्ञाची भेट घ्यावी, अशी शिफारस अमेरिकन अकॅडेमीने २००९ व २०१८ मधील अहवालांत केली आहे. मूल जन्मल्यावरच्या धावपळीपूर्वी परस्परांची ओळख व्हावी, स्तनपानाविषयीच्या शंका मिटाव्यात, कुटुंबातील आनुवंशिक विकार व मातेची मनःस्थिती यांची माहिती वैद्यास मिळावी, हे तिचे हेतू होत. निवड करताना वैद्याची पात्रता, चिकित्सालयाचे अंतर, रात्री-अपरात्री कोण उपलब्ध असते, अत्यवस्थ अर्भकाला कोठे हलविले जाते, स्तनपान व लसीकरण यांसंबंधीचे धोरण आणि प्रश्न ऐकून घेण्याची तयारी या बाबी पाहाव्या लागतात. भारतात एम.डी. ही पदवी व डी.सी.एच. ही पदविका या बालवैद्यकातील नेहमीच्या पात्रता आहेत. येथे बहुधा प्रसूतिगृहच आपल्या परिचयाच्या बालरोगतज्ञाला बोलावून घेते. त्यामुळे आगाऊ चौकशी न केल्यास निवडीचा अधिकार कुटुंबाकडे राहत नाही.

भारत : स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी १८८५ मध्ये डफरिन निधी उभारण्यात आला. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. दायांच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक निधी स्थापन झाला. पण दायांचे परंपरागत ज्ञान तुच्छ लेखणाऱ्या या प्रयत्नांना मर्यादित यश आले. मुंबईतील नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६) व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (१९२९) या महत्त्वाच्या संस्था होत. भारतीय बालरोगतज्ञांच्या दोन संघटनांचे विलीनीकरण होऊन १९६३ मध्ये इंडियन अकॅडेमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स स्थापन झाली. एकात्मिक बालविकास योजनेने (१९७५) अंगणवाडीमार्फत गर्भवतींच्या आहाराला व आरोग्यशिक्षणाला ग्रामीण भागात स्थान दिले.

गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेला प्रयोग जगभर अभ्यासला गेला. एकोणचाळीस गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून त्यांच्याकडे नवजातांची घरोघर काळजी सोपविण्यात आली. गर्भवती व घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांचे शिक्षण हा त्याचा भाग होता. या गावांत नवजात-मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या धर्तीवर २०११ मध्ये देशभर ‘आशा’ कार्यकर्तींच्या गृहभेटी सुरू झाल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आरोग्यसंस्थांत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८·७ टक्के होते. ते २०१९–२१ मध्ये ८८·६ टक्के झाले. शहरांत व्यायाम, आहार व स्तनपान यांचे खाजगी वर्ग वाढले असून ‘गर्भसंस्कार’ या नावाचे वर्गही लोकप्रिय आहेत. मन शांत ठेवण्यास त्यांचा उपयोग होत असेल. परंतु त्यायोगे गर्भाची बुद्धी वा गुण ठरविता येतात, या दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

मूल्यमापन : वर्गांचा प्रसूतीवर नेमका किती परिणाम होतो, हे सिद्ध करणे अवघड ठरले आहे. उपलब्ध चाचण्यांच्या २००७ मधील कॉक्रेन आढाव्यात त्यांचे परिणाम बहुतांशी अनिश्चित असल्याचे म्हटले आहे. याउलट प्रसूतीत सतत जवळ राहणाऱ्या सोबतीविषयीचा पुरावा बळकट आहे. सव्वीस चाचण्यांतील सुमारे १५,८०० स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या २०१७ मधील आढाव्यानुसार अशी सोबत लाभलेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, तर शस्त्रक्रियेचे कमी आढळले. केवळ माहितीपेक्षा विश्वासाचे माणूस जवळ असण्याला महत्त्व आहे, असा याचा अर्थ होतो. सूतिकागाराने ही सोबत दिली होती, पण निर्जंतुकता व शस्त्रक्रिया तेथे नव्हती. रुग्णालयाने या गोष्टी दिल्या, पण सोबत काढून घेतली. या दोहोंचा मेळ घालणे हे प्रसूतिपूर्व शिक्षणाचे आजचे कार्य होय. प्रसूतिकक्षात सोबतीण असू देणे, आजी-सासूंनाही वर्गांत सामावून घेणे आणि बाळाच्या डॉक्टराशी जन्मापूर्वीच परिचय करून घेणे ही त्याची साधी पण महत्त्वाची साधने आहेत.