रंगवलेली शवपेटी आणि थांबलेले हात

प्राचीन इजिप्त म्हटले की आपल्यापुढे फॅरो उभे केले जातात. पिरॅमिड राजाचा, सोने राजाचे, इतिहासही राजाचाच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एक रंगीत लाकडी शवपेटी या समजाला छेद देते.

ही पेटी खोन्सूची. तो राजा नव्हता, सरदार नव्हता. राजांची थडगी खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कामगारांच्या देर अल-मदिना या वस्तीत, सव्वातीन हजार वर्षांपूर्वी राहणारा तो एक कामगार. बाप सेन्नेजेम, तोही कामगारच. या कुटुंबाचे थडगे १८८६ मध्ये उघडले गेले आणि त्यातील वस्तू देशोदेशीच्या संग्रहालयांत पांगल्या. पेटीवर देवदेवता आहेत, मृतदेहाची निगा राखणारा, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस आहे. आणि श्रमिकाचे नाव आहे! राजासाठी राबणाऱ्या हातांनी आपल्या माणसांचे मरणही रंगवले.

पण या रंगांवर भाळून चालणार नाही. हे हात कशावर जगत होते? त्या काळी नाणे नव्हते. मजुरी म्हणजे दरमहा मोजून मिळणारे धान्य, खपली गहू आणि सातू. फावल्या वेळात हे कामगार शवपेट्या करून विकीत. त्यांच्या किमती खापरांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. धान्य थांबले की चूल थांबे.

ते थांबलेही. इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, पंधरवडा उलटला तरी धान्य आले नाही. कामगारांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले. भुकेने व तहानेने आम्ही इथे आलो, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. थकलेले धान्य त्यांनी मिळवले. हा तपशील आज इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात असलेल्या पपायरसवर आहे. जगातील पहिला नोंदलेला संप तो हाच.

रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. अलिबागच्या खारेपाटात चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तिथे थकलेली मजुरी मागायची होती. इथे स्वतः पिकवलेला भात खोताच्या कणगीत जात होता. जमीन पडीक राहिली, उपासमार झाली, पण १९३९ पर्यंत कुळे हटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा नेला. त्यात कुणबी आणि महार कुळे एकत्र चालली. जातीने विभागलेल्या श्रमिकांना भुकेने एका रांगेत आणले, ही या लढ्याची खरी कमाई. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर.

खोन्सूची पेटी काचेमागे जपली जाते, हे ठीकच. पण शिक्षकाने वर्गात तिचे चित्र दाखवावे तेव्हा रंगांपाशी थांबू नये. हा रंग देणारा काय खात होता आणि ते मिळेनासे झाल्यावर त्याने काय केले, हेही सांगावे. मग चरीचे नाव घ्यावे.